सियालीच्या दोरीची टोपली: वर्षभराच्या वापरानंतर

भुवनेश्वरमधील एका हस्तकला प्रदर्शनातून मी गेल्या वर्षी सियाली वेलीच्या दोरीची झाकणाची टोपली आणि गरम भांड्याखाली ठेवायच्या दोन चकत्या आणल्या. टोपलीचे साडेसहाशे रुपये तेव्हा अंमळ जास्तच वाटले होते.

सियाली हे ओडिशातील नाव. छत्तीसगढात हिला माहुल म्हणतात आणि मराठीत चांबुळी. दसऱ्याला सोने म्हणून वाटल्या जाणाऱ्या आपट्याची ही नातलग असून पानही तसेच दुभंगलेले असते, मात्र पत्रावळी लावण्याइतके मोठे. शालवृक्षांच्या जंगलात ही वेल शेंड्यापर्यंत चढून झाडाला जेरीस आणते, म्हणून वनाधिकाऱ्यांनी तिला उपद्रवी ठरवून तोडायला लावले. आदिवासींनी मात्र तिच्या आतल्या सालीचा वाख काढून, तो हाताने वळून, त्याच्या दोरांनी बाजा विणल्या. माझ्या टोपलीत तोच वाख आहे, आणि तिची खरी किंमत विणीपेक्षा दोरीच्या पिळात आहे.

दोरीचा रंग मुळचाच लालसर तपकिरी आहे. काथ्याप्रमाणे ती हाताला टोचत नाही, सुतळीप्रमाणे तिचे तूस निघत नाही. स्पर्श काहीसा चामड्यासारखा लागतो. जाडी सर्वत्र सारखी नाही, पण हातवळणीच्या दोरीकडून मी ती अपेक्षा करणार नाही. चार-पाच किलो कांदे-बटाटे भरून टोपली वर्षभर खुंटीला टांगलेली आहे, तरी तिचा कान सैल झालेला नाही आणि तळ खाली आलेला नाही.

या दोरीचे पाण्याशी मात्र जमत नाही. चिठ्ठीवर ‘धुता येते’ असे छापलेले असल्याने एक चकती रात्रभर मोरीत भिजत राहिली. सकाळी ती फुगून वाकडी झाली होती आणि खालच्या पांढऱ्या फडक्यावर तपकिरी डाग उमटला होता. वाळल्यावरही ती सपाट झाली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. येथे भिजल्यावर पीळ राहिला, आकार तेवढा गेला. पावसाळ्यात टोपलीच्या तळालाही बुरशीचा वास येऊ लागला होता, तो दोन दिवसांच्या उन्हाने गेला, पण झाकण तेव्हापासून नीट बसत नाही.

कोरड्या जागेसाठी बिनझाकणाची टोपली मी पुन्हा घेईन. चकत्या स्वयंपाकघरासाठी घेऊ नयेत.