मधलं नाव गाळलेला कागद

माझ्या पुतणीचं जवळजवळ ठरलेलं लग्न मी एका बनावट कागदावरून मोडलं. त्यात माझे साडेबारा हजार रुपये गेले. पण त्यापेक्षा मोठं म्हणजे एका सरळ मुलाची बदनामी झाली, आणि ती माझ्या हातून झाली. अशा कागदांचा धंदा नागपुरात अजून चालू आहे. माझ्यासारखा दुसरा कुणी फसू नये म्हणून सगळं लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी मला मोठेबाबा म्हणते. तिच्या लग्नाचं मलाच पाहायचं होतं. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर एक स्थळ आलं. मुलगा २९ वर्षांचा, मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, माणसं हिंगणा रोडकडची. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोघं दोनदा बाहेर भेटले, दोघांचंही मन होतं. बाप नसलेली पोरगी आपल्या हातून चुकीच्या घरात जाऊ नये, एवढीच धास्ती मला होती.

त्याआधी एका वधू-वर मेळाव्यात एका माणसानं मला कार्ड दिलं होतं. पस्तिशीचा असेल, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. ‘स्थळाची संपूर्ण चौकशी, पोलीस व कोर्ट रेकॉर्डसहित’ असं कार्डावर छापलेलं. मी फोन लावला. तो म्हणाला, “काकाजी, आजकाल पोरगा पाहून काही समजते का जी? सीसीटीएनएसची प्रिंट काढून देतो. आपला माणूस आतमध्ये आहे.”

तेव्हाच मी फोन ठेवायला हवा होता. सीसीटीएनएस म्हणजे देशभरातली पोलीस ठाणी ज्या संगणक जाळ्यानं जोडली आहेत ते. त्यातली एखाद्या माणसाची माहिती बाहेर विकत मिळत नाही. ती विकतो म्हणणारा एकतर खोटं बोलतो, नाहीतर गुन्हा करतो. त्या दिवशी मात्र ‘आतला माणूस’ हे दोन शब्द ऐकून मला उलट धीर आला.

आम्ही सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटलो. पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डचे १,५०० आणि कोर्टाच्या रेकॉर्डचे ३,००० असं ठरलं. मोबाईलवरून लगेच पाठवले. बोलताना तो मधूनच उठून फाटकाच्या आत जायचा आणि पाच मिनिटांनी परत यायचा. तो आत कुठे जात होता कोण जाणे. तिथं कुणीही जाऊ शकतं, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही.

चौथ्या दिवशी फोनवर तीन पानांची पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली लाल गोल शिक्का, मध्ये तक्ता. त्या तक्त्यात मुलाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: सन २०१६, भादंवि कलम ४०६ व ४२०, आरोपपत्र दाखल. विश्वासघात आणि फसवणूक. माझे हातपाय गळाले. मी त्याला लगेच फोन केला. तो हळू आवाजात म्हणाला, “बरं झालं काकाजी, वेळेवर समजलं. दोषारोपपत्राची नक्कल पाहिजे असन तर आणखी आठ हजार लागतीन.” पुतणीला दाखवायला हातात काही असावं म्हणून मी तेही पाठवले. नक्कल आली नाही. आधी ‘साहेब सुटीवर’, मग ‘पुढच्या सोमवारी’, आणि नंतर फोनच बंद.

ही पुढची गोष्ट मला सगळ्यात जड जाते. मी एकतीस वर्षं महसूल खात्यात कारकून होतो. नकला देण्याचं काम मी स्वतः केलं आहे. खऱ्या नकलेवर अर्ज कोणत्या तारखेला आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे लिहिलेलं असतं. तयार करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असते, फी घेतल्याची नोंद असते. त्या तीन पानांवर यातलं एकही नव्हतं. लाल शिक्क्यातली अक्षरं तर मोठी करून पाहिली की फुटत होती. पण मी ती मोठी करून पाहिली कधी? चार महिन्यांनी.

मुलाच्या वडिलांना मी फोन केला आणि पत्रिका जुळत नाही असं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, पत्रिका तर तुम्हीच जुळवून आणली होती.” मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. घरी मात्र खरं कारण सांगावं लागलं. माझ्या साळ्यानं ती पीडीएफ माझ्याकडून मागून घेतली, आणि ‘मुलीच्या बापांनो सावध’ असं वर लिहून समाजाच्या ग्रुपवर टाकली. हे मला दोन दिवसांनी कळलं. मी त्याला काढायला सांगितलं नाही. बरंच झालं, असंच तेव्हा वाटलं.

पुतणी गप्प होती. फेब्रुवारीत एका रविवारी ती आली आणि म्हणाली, “मोठेबाबा, ते कागद मला एकदा द्या. मला स्वतः पाहायचे आहेत.” सोबत तिची मैत्रीण होती, जिल्हा न्यायालयात वकिली करते. त्या पोरीनं पीडीएफ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “काका, सीएनआर नंबर कुठे आहे?”

न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरा-अंकांचा एक क्रमांक असतो, तो सीएनआर. महाराष्ट्रातल्या प्रकरणाचा क्रमांक ‘एमएच’नं सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर तो टाकला की कोणत्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती, निकाल काय लागला, सगळं समोर येतं. एक रुपया लागत नाही. माझ्या कागदावर तो क्रमांक नव्हता, कारण तो दिला असता तर मी घरी बसून दोन मिनिटांत खरं-खोटं पाहिलं असतं.

मग तिनं लॅपटॉपवर राज्य निवडलं, नागपूर जिल्हा निवडला, न्यायालय संकुल निवडलं, पक्षकाराच्या नावावरून शोध घेतला. नाव इंग्रजीत टाकावं लागतं, वर्ष द्यावं लागतं, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहावी लागतात. चालू प्रकरणं हवीत, निकाली हवीत की दोन्ही, हे निवडायचं असतं. तिनं दोन्ही घेतली, वर्ष २०१६. यादी आली. मुलाचं नाव-आडनाव असं आहे, की महालात बडकस चौकात उभं राहून हाक मारली तर चार जण वळून पाहतील. त्या यादीत एक प्रकरण तेच होतं, ४०६ आणि ४२०चं. म्हणजे प्रकरण खरंच होतं, कुणी बनवलेलं नव्हतं. माझ्या पोटात पुन्हा गोळा आला.

पण पोरीनं ते प्रकरण उघडलं आणि खाली जोडलेलं निकालपत्र काढलं. निकालपत्राच्या पहिल्याच पानावर आरोपीचं पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता असतो. वय ४७ वर्षे. धंदा शेती. आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नाव, वेगळं. दोघांच्याही वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र ‘व’. माझ्या पीडीएफमध्ये पूर्ण नाव न लिहिता फक्त ‘व.’ टाकलेलं होतं. पुतणी म्हणाली, “२०१६ मध्ये तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, मोठेबाबा.” एवढंच बोलली, आणि उठून आत पाणी प्यायला गेली.

शेवटच्या पानावर २०१९ सालचा आदेश होता. त्या शेतकऱ्याची निर्दोष मुक्तता झालेली. म्हणजे फुकट मिळणारी माहिती उचलायची, त्यातलं वय काढायचं, पत्ता काढायचा, निकाल काढायचा, बापाचं नाव एका अक्षरावर आणायचं, आणि शिक्का मारून साडेबारा हजाराला विकायचं. त्या शेतकऱ्याला तर माहीतही नसेल की त्याच्या नावावर असा धंदा चालला आहे.

त्या दिवशी त्या पोरीकडून जे कळलं ते सांगतो, कारण चौकशी करायची वेळ पुष्कळांवर येते आणि ती करूच नये असं माझं म्हणणं नाही. नावावरून शोध घेताना संकुल एकेक करून पाहावं लागतं. नागपूर शहरातलं पाहिलं म्हणजे काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक पाहिलं असं होत नाही, आणि वर्धा-अमरावती तर वेगळे जिल्हेच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर पाहायची. एकाच नावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेनं लिहून पाहावी. गुन्ह्यांच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणं आणि तारीख निवडून त्या पाहता येतात. पण लैंगिक अत्याचारासारख्या नाजूक गुन्ह्यांच्या एफआयआर तिथं नसतात. म्हणून काही सापडलं नाही याचा अर्थ माणूस निष्कलंक असा होत नाही. आणि सापडलं तर वय, पत्ता, वडिलांचं नाव जुळल्याशिवाय तो माणूस तोच, असंही म्हणता येत नाही.

स्वतः जमत नसेल तर न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात जाऊन प्रकरणाची स्थिती विचारता येते. न्यायालयांची कामं ऑनलाइन करून देणारं देशातलं पहिलं ई-रिसोर्स केंद्र, ‘न्याय कौशल’, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी आपल्याच नागपुरात, न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत सुरू झालं. उद्घाटनाला सरन्यायाधीश शरद बोबडे होते, तेही नागपूरचेच. त्याच शहरात मी एका टपरीवर बसून पैसे मोजले. प्रकरणातल्या कागदाची नक्कल तिऱ्हाईतालाही मागता येते, पण कशासाठी हवी हे अर्जात सांगावं लागतं. ते वकिलाकडून करावं आणि पावती घ्यावी. आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी ज्याची त्यानंच अर्ज करून घ्यायची असते. मुलाला स्पष्ट सांगितलं असतं तर त्यानं आनंदानं काढून दिली असती, असं आज मला खात्रीनं वाटतं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करून मी पैशांची तक्रार नोंदवली. उशीर झाला होता. पैसे गेल्यागेल्या फोन केला तरच ते मधल्या मध्ये अडवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यातही फसवणूक आणि बनावट कागद या दोन्हींबद्दल लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत ही कलमं आता ३१८ आणि ३३६ आहेत. अर्जावर पोच घेतली आहे.

साळ्याला घरी बोलावून ग्रुपवर खुलासा टाकायला लावला. त्यानं टाकला. पण पहिला मेसेज कुठवर गेला होता ते कुणालाच सांगता येईना.

मग निकालपत्राची प्रिंट घेऊन मी एकटाच हिंगणा रोडला गेलो. मुलगा कामावर होता. वडिलांनी दार उघडलं, “या” म्हणाले, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं, पत्रिकेचं खोटं धरून. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या मेव्हण्यानं तो मेसेज त्यांना डिसेंबरातच पाठवला होता. त्यानंतर आणखी दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि कारण कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. मधल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथून काढलं नाही.

“हे माझं नाव नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “नाही.”

“याच्या दहा झेरॉक्स पाहिजेत.”

कोपऱ्यावर दुकान होतं. मी कागद घेऊन उठलो, तेव्हा तेही चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले.