ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम: गुणकारी, पण वेळेला काटेकोर

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी उसळणारी जळजळ, खाली वाकताच घशाशी येणारे आंबट पाणी आणि रात्री आडवे पडल्यावर सुरू होणारा कोरडा खोकला या तक्रारींसाठी डॉक्टरांनी मला ओमेप्राझोलची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली. औषध गुणाचे आहे. मात्र घेतल्या घेतल्या आराम हवा असेल, तर ते त्यासाठी नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक ते चार दिवस जातात.

अँटासिड जठरात असलेले आम्ल तिथल्या तिथे मारते, त्यामुळे काही मिनिटांत बरे वाटते आणि थोड्याच वेळात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ओमेप्राझोल तयार आम्लाला हातही लावत नाही. ते रक्तावाटे जठराच्या पेशींपर्यंत पोहोचून आम्ल बाहेर टाकणारे पंपच बंद पाडते. पण जे पंप त्या वेळी चालू असतील तेवढेच, आणि पंप चालू होतात ते प्रामुख्याने जेवणामुळे. म्हणून ही कॅप्सूल जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवण उरकून घेतली, की तिचा बराचसा गुण वाया जातो. औषध रक्तात फार वेळ राहत नाही, तरी बंद पडलेल्या पंपांच्या जागी शरीराला नवे पंप तयार करावे लागत असल्याने बहुतेकांना दिवसाला एक कॅप्सूल पुरते.

कॅप्सूल उघडून पाहिली, तर आत भुकटी नसून बारीक पांढरट मणी दिसतात. आम्लाला आवर घालणारे हे औषध स्वतः मात्र आम्लात टिकत नाही, ही त्यातली गंमत. म्हणून आतड्यात गेल्यावरच विरघळणारा लेप त्यावर चढवलेला असतो. हे मणी चावू किंवा कुटू नयेत.

माझी जळजळ आणि खोकला जवळजवळ थांबला, पण घशाशी पाणी येणे तेवढे कमी झाले नाही. यात औषधाला दोष देता येणार नाही, कारण ते आम्ल घटवते, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली सैल झडप आवळत नाही. रात्रीचे जेवण लवकर घेणे आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणे, याला पर्याय नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घ्यायचे झाल्यास १४ दिवसांच्या पुढे जाऊ नये. बराच काळ घेतल्यास जीवनसत्त्व बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, तर एकाएकी सोडल्यास काही काळ आम्ल पूर्वीपेक्षाही उसळते. रक्त पातळ ठेवण्यासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी हे टाळावे, कारण त्या औषधाचा परिणाम याने घटतो. गिळताना अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर कॅप्सूल घेत बसण्याऐवजी थेट डॉक्टरांकडे जावे.