कोकण किनाऱ्यावर पाठीवरचं औषधांचं पाकीट: पावसाळा ते उन्हाळा वापरून

कोकणच्या किनाऱ्यानं पाठपिशवी घेऊन चालणाऱ्यांसाठी हे लिहितेय. दाभोळची फेरीबोट धरून पलीकडे धोपाव्याला उतरायचं, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळहून जयगडला जायचं. नाहीतर देवगड, कुणकेश्वर, आचरा असा किनारा धरून मालवण गाठायचं. असल्या चालीत हे प्रथमोपचाराचं आणि स्वच्छतेचं पाकीट गेल्या पावसाळ्यापासून या मे महिन्यापर्यंत माझ्याबरोबर आहे.

सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी केलेली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. वर डोंगरात धास्ती असते ती घसरण्याची, पाय मुरगळण्याची. खाली किनाऱ्यावर सगळं सोसावं लागतं ते कातडीला. कालवांनी पाय कापतो, ओल्या वाळूनं टाचा सोलवटतात, घाम आणि खारं पाणी मिळून मांड्या काचतात, पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आणि त्यावर लावायचं जे औषध, तेच दमट हवेनं आधी वाया जातं. म्हणून पाकीट हलकं किती आहे यापेक्षा ते कोरडं किती राहतं, हे मी आधी बघते.

सुरुवात भावानं दिलेल्या तयार संचानं झाली. कंपनीचं नाव इथे देत नाही. दिसायला छान, लाल कापडी, आत कप्पे. श्रावण संपता संपता उघडला तर कात्रीच्या खिळीवर तांबूस थर आलेला. सेफ्टी पिनांचा गंज शेजारच्या गॉझच्या कागदी पाकिटात उतरला होता आणि डागापाशी तो कागद नुसता बोट लावलं तरी फाटत होता. असं गॉझ निर्जंतुक राहत नाही, ते उघड्या जखमेवर ठेवता येत नाही. चिकटपट्ट्यांचा गोंद पट्टी सोडून कागदालाच धरून बसलेला. गोळ्या तर सुट्या, पारदर्शक पुड्यांत, वर ना नाव ना मुदत. रात्री तापानं फणफणलेल्या माणसाला बिननावाची गोळी द्यायची कुणी आणि कशाच्या भरवशावर? तयार संच विकत घ्यायचाच असेल तर दुकानातच उघडून एवढी एक गोष्ट बघा: गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये आहेत का.

आता जे वापरते ते घरी भरलेलं आहे. जाड झिपलॉकच्या दोन पिशव्या. एकीत जखमेचं सामान आणि गोळ्या, दुसरीत साबण, पंचा आणि बाकीचं ओलं होणारं सामान. या दोन पिशव्या कधी एकत्र होत नाहीत. पहिल्या पिशवीत बुटांच्या खोक्यातून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या असतात. दोन्ही मिळून वजन चारशे ग्रॅमच्या आत आहे, आणि ते औषधं कमी करून उतरलेलं नाही. खोकी, बाटल्या, रिळं काढली. स्ट्रिप कापायचीच झाली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत राखायचा. चिकटपट्टीचं रीळ घरी राहतं, बरोबर येतात ते जुन्या प्लास्टिक कार्डावर गुंडाळलेले तिचे वेढे.

ही पट्टी निवडताना मात्र काटकसर नको. पांढरी कागदी पट्टी घामानं तासाभरात सुटते. झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी ओल्या पायावरही धरून राहते, फक्त लावताना कातडी पुसून खडखडीत कोरडी केलेली हवी. टाच किंवा चवडा गरम लागायला लागला की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग निम्मासुद्धा नाही. हीच पट्टी हिवाळ्यात खाजकुयलीवरही कामी येते. कुंपणाच्या कडेनं जाताना हाताला कुसं लागली तर न चोळता पट्टी दाबायची आणि उचलायची, दर वेळी नवा तुकडा. गावात त्यावर शेण लावतात. कुसं चिकटून निघावीत हाच हेतू त्यातही आहे, पण खाजवून ओरखडे पडलेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला दार उघडणं.

सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं विचाराल तर माझं उत्तर आहे वीस मिलीची, सुई नसलेली सिरिंज. औषधाच्या दुकानात किरकोळ पैशात मिळते. हेदवीला बामणघळीजवळच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी मैत्रिणीची टाच कालवांवर घासली गेली. चीर अगदी बारीक दिसत होती, रक्तही बेताचंच. पिण्याच्या पाण्यानं सिरिंज भरून चिरेत जोरानं धार मारली, परत भरली, परत मारली. आधी वाळू आली. मग चिरेच्या खालच्या कडेला कालवाच्या शिंपल्याची एक करडी कपची वर आली, नखाच्या कोपऱ्याएवढी. चिमट्यानं धरून काढली तेव्हा कुठे टाच टेकल्यावरची बोच थांबली. वरवर मलम लावून पट्टी बांधली असती तर ती आतच राहिली असती. यासाठी सलाईनची बाटली वाहायची गरज नाही, पिण्यालायक स्वच्छ पाणी तितकंच चालतं. समुद्राचं पाणी मात्र नको. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीनचं मलम, गॉझ आणि पट्टी. खाऱ्या पाण्यात झालेल्या जखमेभोवती लाली पसरायला लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर मलमावर विसंबू नका, लगेच डॉक्टर गाठा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना यात फार वेगानं गंभीर संसर्ग होऊ शकतो.

काही उपाय पाकिटात मावत नाहीत, ते माहीत असावे लागतात. आचऱ्याच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर नको असलेली मासळी वाळूत टाकलेली असते. त्यातल्या शिंगाळ्याचा काटा आमच्यातल्या एकाच्या तळपायात शिरला आणि तो धडधाकट मुलगा घामाघूम होऊन खाली बसला. जवळच्या घरातल्या आजींनी चुलीवरचं पाणी बादलीत ओतून आणलं. “पाय घाल गो बाय त्याचो, ऊन ऊन पाण्यात घाल.” शिंगाळा काय, पाकट काय, काट्यातल्या विषाचा ठणका गरम पाण्यानं उतरतो. पाणी सोसवेल तेवढं गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअस, आणि पाय त्यात अर्धा ते दीड तास. पाण्याची गरमी दुसऱ्या माणसाच्या हातानं किंवा चांगल्या पायानं तपासायची, कारण ठणकणाऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. त्याचा ठणका पाऊण तासात बराच उतरला. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच, काट्याचा तुकडा आत नाही हेही बघून घेतलं. हे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. जखम घाणेरडी किंवा खोल असेल आणि आधीच्याला पाच वर्षं उलटून गेली असतील तर परत घ्यावं लागतं. शेवटचं कधी घेतलं ते मी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटातच ठेवलंय.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं आणि तंतू चिमट्यानं उचलायचे. श्वास लागला, छातीत दुखलं तर सरळ १०८.

आता चिखल्या आणि गजकर्ण. याविषयी लोक लाजतात आणि त्रास वाढवून घेतात. जांघेत, बेचक्यांत खाज सुटली की दुकानदार एखादी ट्यूब पुढे करतो आणि दोन दिवसांत खाज गायब होते. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का ते बघा. असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. लाली दबते, बुरशी खाली पसरतच राहते आणि पुढे साध्या औषधाला दाद देईनाशी होते. माझ्याकडे नुसत्या क्लोट्रिमाझोलचं छोटं मलम असतं आणि पावडर चिमूटभर, घट्ट झाकणाच्या डबीत. पण खरा उपाय रात्री होतो: मुक्कामाला पोचलं की पाय धुवायचे, बेचके पुसायचे, आणि झोपायचे मोजे कोरडे, त्यांना दिवसा हात लावायचा नाही. मांड्या काचू नयेत म्हणून निघतानाच पेट्रोलियम जेली लावते. खोबरेल तेलही चालतं, पण उन्हात तापलेल्या पिशवीत त्याची बाटली गळते.

गोळ्या मोजक्याच. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन मी काढून टाकली. पावसाळ्यात आणि त्यानंतर इथला ताप डेंगीचा असू शकतो, त्यात आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसचीही साथ येऊन गेली आहे. भातखाचरातून, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि पाण्यातून चाललो होतो हे आपण होऊन सांगायचं. पायाला जखम असताना तर त्या पाण्यात उतरूच नये. अंगावर पित्त उठलं तर सेट्रिझिन, पण त्यानं झोप येते, म्हणून रात्रीच.

ओआरएसच्या पुड्या मात्र भरपूर. पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं छापलेलं हवं. लिटरभर पाण्यात अख्खी पुडी, अंदाजानं अर्धी नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. ओआरएस म्हणून विकली जाणारी गोड पेयं ही वेगळी वस्तू आहे. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असल्या पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली, ते फार बरं झालं. शहाळं जरूर प्या, वाटेत मिळतंच. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. दिवसभर घाम गाळल्यावर किंवा जुलाब लागल्यावर शहाळ्यानं ओआरएसची जागा भरत नाही.

सापाचं काय, हे सगळे विचारतात. तयार संचात विष ओढायचा रबरी पंप होता, तो कचऱ्यात गेला. त्यानं विष निघत नाही, जखम मात्र वाढते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्यात फुरसं असतं. ते लहान, दगडाच्या रंगाचं आणि रात्री वाटेवर येणारं, म्हणून विजेरी आणि बंद बूट हाच माझा सापावरचा प्रथमोपचार. चावलंच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही. अंगठ्या, पैंजण काढायचे, पाय काठीला सैल बांधून हलता राहणार नाही असं बघायचं, चालवत न्यायचं नाही, १०८ ला फोन करायचा. क्रेप बँडेज मी त्यासाठीच ठेवते, पट्टा आवळायला नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ दवडायचं कारण नाही. दर मुक्कामाला जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवते, कारण कड्याखालच्या बऱ्याच पुळणींवर फोनला रेंज नसते.

स्वच्छतेच्या पिशवीत सगळ्यात मोलाचा आहे सुती पंचा. मायक्रोफायबरचा टॉवेल दुकानात हलका वाटतो, पण पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीच कुबट वास मारतो आणि त्यातली वाळू झटकून जात नाही. पंचा पिळून पाठपिशवीवर पसरला की चालता चालता वाळतो. साबणाची वडी कापून पातळ तुकडा जाळीच्या पिशवीत. समुद्राच्या पाण्यात त्याला फेस येत नाही, तेव्हा गोड्या पाण्याची सोय बघूनच अंघोळ. विहिरीच्या काठड्यापाशी साबण लावू नका. कळशीभर पाणी मागून दूर जा, किंवा सरळ “काकू, न्हाणीत हातपाय धुऊ का?” असं विचारा. मला कुणी अजून नाही म्हटलेलं नाही. सॅनिटायझर छोटाच, पण चिखलानं किंवा मासळीच्या तेलकटपणानं माखलेल्या हातांवर तो कुचकामी आहे. तिथे साबणच हवा.

शौचाच्या बाबतीत ट्रेकिंगची पुस्तकी सूचना असते वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून साठ मीटर दूर. सड्यावर, म्हणजे किनाऱ्यामागच्या खडकाळ पठारावर, हे जमत नाही. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर असते, खणणार कुठे? आणि तोच सडा पावसाचं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत मुरवतो. त्यामुळे सडा पार करायच्या आधी गावातच सोय बघून निघते. पुळणीवर भरतीच्या रेषेत तर मुळीच नाही, तिथे मुलं अनवाणी खेळतात, रापण ओढतात. पाण्याच्या बाटलीला बसणारं भोकाचं झाकण मिळतं, धुवायला तेवढं पुरतं. ओले वाइप्स मी बंद केले, त्यांत बहुधा प्लास्टिकचे धागे असतात आणि ते कुजत नाहीत.

पाळीच्या दिवसांसाठी मेन्स्ट्रुअल कप. कापडी पॅड दमट हवेत दोन दिवसांतही वाळत नाही, आणि अर्धवट ओलं वापरणं बरं नाही. कप मुक्कामी पाच मिनिटं उकळायला स्टीलचा पेला लागतो, तो चहाच्या पेल्यापासून वेगळा ठेवते. कपाची सवय मात्र आधी घरी करून घ्यावी. दोन पॅड तरीही बरोबर असतात, आपल्यासाठी नाही तर वाटेत कुणाला लागले तर. वापरलेलं कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत परत न्यायचं.

येत्या पावसाळ्यासाठी दोनच बदल केलेत. कात्री काढली, तिच्याऐवजी स्टेनलेस स्टीलचा टोकदार चिमटा ठेवला. गोचीड काढायला तोच हवा, कातडीलगत धरून सरळ वर ओढायला. सावंतवाडी, दोडामार्गाकडे माकडताप गोचिडींतूनच पसरतो, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी चिमटा आणि अंगाला लावायचं डास-गोचीड प्रतिबंधक दोन्ही घ्यावं. आणि सेफ्टी पिनांच्या जागी आता पट्टीचेच तुकडे वापरते. घरी आल्यावर दोन्ही पिशव्या रिकाम्या करून एक दिवस पंख्याखाली उघड्या ठेवते, घट्ट झालेल्या ओआरएसच्या पुड्या बदलते आणि मुदती बघून मगच परत भरते.