लाइफ सायन्सेस: सीएसआयआर-नेट की सेट?

बॉटनी, झूलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवायचं असेल, तर सीएसआयआर-नेट ही देशपातळीवरची आणि सेट ही राज्यपातळीवरची परीक्षा, या दोन्हींची पात्रता सहायक प्राध्यापकपदाला चालते. अभ्यासक्रमही बराचसा सारखाच. खरा फरक प्रश्नपत्रिकेत आहे.

सीएसआयआर-नेटचा भाग क हा माझ्या मते सगळ्यात त्रासदायक. 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 गुण वजा. बरेचसे प्रश्न चार विधानांचे आणि पर्याय ‘फक्त अ आणि क’ अशा जोड्यांचे. तीन विधानं पक्की असली तरी चौथ्यावर उत्तर अडतं. 25 सोडवून 12 बरोबर आले तर 48 वजा 13, म्हणजे हाती 35. तेच 16 सोडवून 11 बरोबर आले तर 44 वजा 5, म्हणजे 39. कोणते प्रश्न सोडायचे हे ओळखणं हीच वेगळी परीक्षा होऊन बसते. शिवाय 25 पेक्षा जास्त सोडवले तर पहिले 25च तपासतात, म्हणून नंतर सापडलेला सोपा प्रश्न वाया जातो.

सेटमध्ये हे काहीच नाही. पेपर दोनमध्ये 100 प्रश्न, 200 गुण, सगळे सोडवायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. शिकवण्याची पात्रता तपासायला ही पद्धत मला जास्त रास्त वाटते.

अर्थात नेटची बाजू लंगडी नाही. ते वर्षातून दोनदा होतं, देशभर चालतं आणि जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर दरमहा 37,000 रुपये. पीएच.डी. आधी करायची असेल, तर नेटच. मात्र 2024 पासून निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असाही गट असतो. त्यात नाव आलं तर प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही. सेट चालते महाराष्ट्र आणि गोव्यातच, आणि फेलोशिप नाही. पण सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधनावर) तासिका घेत इथंच राहायचं असेल, तर ही मर्यादा फारशी आड येत नाही.

दोन्हींचे फॉर्म भरावेत, पण तयारीचा रोख सेटवर ठेवावा, असं सुचवेन. सायन्सवाले सेटचा पेपर एक (सगळ्या विषयांना सारखा असलेला सामान्य पेपर) हलका घेतात आणि तिथंच घसरतात. त्याचे 100 गुण थेट एकूण 300 मध्ये धरतात आणि त्यावरच विषयवार गुणवत्तेनं एकूण 6 टक्के निवडले जातात. त्याचे दहा घटक, प्रत्येकी 5 प्रश्न. आयसीटी (माहिती-संपर्क तंत्रज्ञान) आणि उच्च शिक्षण व्यवस्था हे दोन घटक पाठांतराचे आहेत. तिथले 20 गुण आधी पक्के करा.