बडोद्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी कोणाला बोलवावं?

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आमची आत्या एकटी राहते. वय 81, कान अर्धे, जीभ शाबूत. मुलगा पुण्यात, मी मांजलपुरात. रोज कोणीतरी डोकावून जावं, एवढ्यासाठी दोन वर्षांत बरेच प्रयोग झाले. तुमच्याकडेही हाच घोळ चालू असेल तर हे वाचा.

आधी एल्डरलाइनचं, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचं सांगते. नंबर 14567, फोन फुकट, सकाळी 8 ते रात्री 8. तिथे पगारी माणसं असतात, स्वयंसेवक नव्हेत, पण माहिती पक्की मिळते. पेन्शन अडली, घरचेच छळताहेत, 2007 च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागायचा आहे आणि प्रांत ऑफिसात अर्ज कसा करायचा ते कळत नाही, अशा वेळी हीच जागा. दुधाची पिशवी आणायला किंवा गप्पा मारायला मात्र नाही. आणि म्हातारी माणसं पडतात ती बहुधा रात्री, न्हाणीघरात. तेव्हा थेट 108.

दुसरा प्रयोग एका संस्थेचा. आठवड्यातून एक तास स्वयंसेवक घरी येणार, वाचून दाखवणार, बोलणार. फॉर्म भरला, गुरुवार चारची वेळ ठरली. पहिले पाच गुरुवार एक बाई आल्या, छान होत्या. सहाव्याला आल्या नाहीत, सातव्यालाही नाहीत. संस्थेला फोन केला तर "बघतो" म्हणाले. इकडे आत्या दर गुरुवारी पावणेचारला दोन कप आधण ठेवायची आणि साडेचारला दोन्ही कप स्वतःच प्यायची. न आलेल्या माणसापेक्षा मला तो दुसरा कप जास्त लागला. म्हणून अशा संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: ठरलेला माणूस आला नाही तर बदली कोण, आणि कळवणार कोण? उत्तराला आढेवेढे घेतले तर पुढे जा.

विद्यार्थ्यांचा अनुभव याच्या अगदी उलट. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना वर्षाला 120 तास सेवा द्यायची असते, त्यामुळे कॉलेजमध्ये विचारलं की मुलं मिळतात. गप्पांत ती कच्ची, मोबाइलच्या कामात एक नंबर. काका रेल्वेत होते, आत्याला फॅमिली पेन्शन. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्याचे ठसे पुसट झालेले, मशीन घेईना. आलेल्या मुलाने चेहऱ्यावरून हयातीचा दाखला काढायचा ठरवलं. "आजी, पापणी मिटा आणि उघडा." आत्याने डोळे मिटले ते देवघरात बसल्यासारखे मिटूनच ठेवले! तिसऱ्या वेळी जमलं. यासाठी पोस्टमनही घरी येतो, शुल्क घेतो, पण नोव्हेंबरात त्याच्यामागे रांग असते.

या मुलांची गोम कॅलेंडरात आहे. नवरात्रात बडोद्यातला एकही विद्यार्थी संध्याकाळी हाती लागत नाही, दिवाळीत गावी जातात, मार्चपासून परीक्षा. पेन्शनर ऐंशीच्या पुढचे असतील तर केंद्राच्या पेन्शनचा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा नोव्हेंबरपर्यंत थांबू नका, मुलं हाताशी असतानाच काम उरकून घ्या. ओटीपी आणि एटीएमचा पिन मात्र घरच्याच माणसाने सांभाळायचा, मुलगा कितीही गुणी असो.

राहिली गल्ली. तिला कोणी सेवा म्हणत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, मांजलपुरातून निघणं मला शक्य नव्हतं. तेव्हा दूध, मेणबत्त्या आणि बीपीच्या गोळ्या समोरच्या बेननी पोचवल्या. वाड्याची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. पण गल्लीवर सगळा भार टाकता येत नाही. रोज पंधरा मिनिटं कोणी आनंदाने देतो, रोज दोन तास मागितले की माणूस खिडकी लावून घेतो.

माझा कौल असा: किल्ली आणि रोजची हाक शेजारी, मोबाइल आणि कागदपत्रं विद्यार्थ्यांकडे, भांडणतंट्याला 14567. संस्थेचा माणूस मिळाला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अंघोळ घालणं, उचलणं, औषधाची सुई, यात स्वयंसेवक नकोच. तिथे पैसे मोजून बाई ठेवा.

यंदा कॉलेजातून एक नवी मुलगी येते. पहिल्याच दिवशी आत्याने तिला पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "परीक्षा कधी गं तुझी?"