पन्नाशीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा: पैसे वसूल आहे का?

पन्नासावा वाढदिवस झाला, भाचीने ५० वातींनी ओवाळलं, केक झाला, आणि मग शाळेच्या ग्रुपवर "काय काय शिकलीस इतक्या वर्षांत, लिही की" असं सगळ्यांचं टुमणं सुरू झालं. एवढं काही मोठं सांगण्यासारखं नाही बाई माझ्याकडे. पण घरच्यांनी काय हवं विचारल्यावर मी पैठणी सोडून प्रोग्रेसिव्ह चष्मा मागून घेतला, त्याचा रिव्ह्यू लिहिते, शिकलेलं काही असलंच तर त्यातच येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकाच काचेत वर लांबचा नंबर, मधे कॉम्प्युटरच्या अंतराचा आणि खाली वाचायचा, बायफोकलसारखी रेघ दिसत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंगच कडक होत जातं म्हणून जवळचं फोकस होत नाही, हे सगळ्यांचंच होतं, गाजरं खाऊन जात नाही आणि मोबाईलमुळेच झालं म्हणून पोरांनी ऐकवलं तर तेही खरं नाही. माझा लांबचा थोडा नंबर होताच, वर जवळचा अधिक दोन झाला, म्हणजे दोन चष्मे, एक पर्समधे एक डोक्यावर, आणि रिक्षाचं मीटर बघायची वेळ आली की हातात नेमका चुकीचा.

दुकान पुण्यातल्या कुमठेकर रोडजवळच्या गल्लीतलं, जुनं, अगदी साधं. काकांनी पहिल्यांदा मला चक्क परत पाठवलं. म्हणे नुसता नंबर काढून चष्मा करू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यातलं प्रेशर आणि पडदा तपासून या. काचबिंदू बहुतेक वेळा सुरुवातीला दुखत खुपत नाही, कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, म्हणून चाळिशी उलटली की ही तपासणी हवीच. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटला.

मला बारीक आडवी फ्रेम हवी होती, काका म्हणाले ताई ह्यात खालचा वाचायचा भागच कापला जाईल. मग जरा उंच फ्रेम घेतली, ती घालून सरळ समोर बघायला लावलं आणि बुबुळांसमोर काचेवर पेनाने ठिपके काढले. हे माप महत्त्वाचं, हे चुकलं तर लेन्स कितीही भारी घ्या, उपयोग नाही. सगळं मिळून साडेनऊ हजाराच्या आसपास गेले.

आता वापराचं. सुरुवातीला जमीन पोहल्यासारखी हलते. बाजूचं डोळे फिरवून बघायचं नाही, मान वळवायची, कारण काचेच्या खालच्या दोन्ही कडांना धूसर असतं ते असतंच. पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढताना मजेत गेले, उतरताना मात्र पायरी वाचायच्या काचेतून दिसते ना, त्यामुळे हनुवटी छातीला लावून, कठडा धरून उतरले, मागून आजोबा टणाटण पुढे गेले. दुकानात विचारलं तर उत्तर, "सवय होईल."

आता हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. सासरच्या जेवणाच्या वेळा, सवय होईल. ऑफिसात माझं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, सवय होईल. आणि गंमत म्हणजे बऱ्याच गोष्टींची खरंच होते, जेवणाच्या वेळांची झालीच की, आज त्याच बऱ्या वाटतात. ऑफिसातल्या त्या प्रकाराची झाली नाही आणि व्हायलाही नको होती, ते मी पंचेचाळिशीत जाऊन स्पष्ट बोलले तेव्हा संपलं. तर चष्म्याचंही तसंच निघालं, पोहणं आणि पायऱ्या पंधरवड्यात सुटल्या, पण डाव्या डोळ्याने पेपर वाचायला मान वर करावी लागत होती ती तशीच राहिली. मी परत गेले. ते परत म्हणाले अजून थोडे दिवस बघा. मी म्हटलं काका, बाकी सगळ्याची झाली, ह्याची होत नाहीये, माप बघा. बघितलं तर डाव्या काचेची उंची चुकली होती. कुरकुर न करता लेन्स बदलून दिली, पैसे घेतले नाहीत.

आता मस्त चाललंय. बसचा नंबर लांबून दिसतो आणि बाकरवडीच्या पाकिटावरची तारीखही वाचता येते, चष्मा न बदलता.

पण घेणार असाल तर, आडवं पडून पुस्तक वाचायला हा कामाचा नाही, वाचायचा भाग खाली असतो ना, त्यासाठी साधा वाचायचा चष्मा उशाशी ठेवाच. दिवसभर स्क्रीनसमोर बसत असाल तर मधला पट्टा अरुंद पडतो, मान दुखते, त्यांनी ऑफिस लेन्सबद्दल, म्हणजे स्क्रीनच्या आणि वाचायच्या अंतराचा भाग रुंद असलेल्या काचेबद्दल, विचारावं. ओढणीने पुसू नका, पाण्याने धुवून मग मऊ कापड. आणि एप्रिल-मे मधे गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका, उष्णतेने कोटिंगला तडे जातात.

लेन्सला साडेचार स्टार, दुकानाला चार. एक कापला तो माप न बघताच दुसऱ्यांदा परत पाठवत होते त्याचा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, काका एकटेच असतात आणि गाडी लावायला जागा नाही.