क्रोममध्ये चालतं, सफारीत अडतं: कुकी, टोकन की प्रॉक्सी?

साइट एका डोमेनवर आहे आणि तिला माहिती पुरवणारा सर्व्हर, म्हणजे एपीआय, दुसऱ्या डोमेनवर. क्रोममध्ये लॉगिन होतं, फायरफॉक्समध्येही होतं, आणि आयफोनवाला ग्राहक सांगतो की पासवर्ड टाकला की पुन्हा लॉगिनचंच पान येतं. अशा वेळी बहुतेक टीमचा पहिला हात कॉर्सच्या सेटिंगवर जातो (एका डोमेनच्या पानाला दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू द्यायचं की नाही, हे ठरवणारा ब्राउझरचा नियम म्हणजे कॉर्स). माझं कळकळीचं सांगणं आहे, थोडं थांबा. कुठला मार्ग घ्यायचा हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधल्या नेटवर्क टॅबच्या एका ओळीवर ठरतं.

आयफोन केबलने मॅकला जोडा आणि सफारीच्या डेव्हलप मेनूतून फोनवरचं ते पान उघडा. लॉगिनच्या रिक्वेस्टला उत्तर 200, म्हणजे यशस्वी. लगेच पुढची, प्रोफाइल मागवणारी रिक्वेस्ट मात्र 401, म्हणजे ओळख पटली नाही. तिच्या रिक्वेस्ट हेडरांत, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, कुकीची (लॉगिन लक्षात ठेवायला सर्व्हर ब्राउझरला देतो त्या छोट्या नोंदीची) ओळ शोधा. ती नसेल, तर सर्व्हरने दिलेली कुकी ब्राउझरने ठेवलीच नाही किंवा परत पाठवली नाही.

फसगत होते ती इथे. पुष्कळ सर्व्हर यशस्वी उत्तराला कॉर्सचे हेडर लावतात, पण 401 वेगळ्या वाटेने निघतं आणि त्याला ते लागत नाहीत. मग कन्सोलमध्ये कॉर्सची तक्रार दिसते आणि कोडच्या हाती फक्त टाइपएरर येतो: सफारीत ‘लोड फेल्ड’, क्रोममध्ये ‘फेल्ड टू फेच’. खरी अडचण कुकीची असते आणि टीम मात्र परवानगीच्या हेडरांमागे लागते. तीच रिक्वेस्ट कुकीशिवाय, ओरिजिन (म्हणजे साइटचा पत्ता) हेडर लावून कर्लने, म्हणजे कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलने, मारून पाहा. 401 उघडं पडतं.

आता कारण. मार्च 2020 मध्ये आलेल्या सफारी 13.1 पासून थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटपेक्षा वेगळ्या साइटच्या कुकी, मुळातच बंद आहेत. फायरफॉक्स 2022 पासून त्या प्रत्येक साइटसाठी वेगळ्या कप्प्यात ठेवतो, म्हणून तिथे लॉगिन बहुधा चालून जातं. क्रोमने त्या काढण्याचा बेत 2024 मध्ये सोडून दिला. त्याच्या इन्कॉग्निटो खिडकीत मात्र त्या अडवल्या जातात. आयफोनवरचं क्रोमही आतून सफारीचं इंजिन, वेबकिटच वापरतं (2024 पासून युरोपीय संघात वेगळ्या इंजिनांना मुभा आहे), तेव्हा त्याला क्रोमवरची चाचणी समजू नका.

पहिला मार्ग म्हणजे आहे तेच नीट करणं: साइट एका डोमेनवर, एपीआय दुसऱ्या, कुकीवर ‘सेमसाइट=नन’ (दुसऱ्या साइटवरूनही पाठव) आणि ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवर), रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचमध्ये क्रेडेन्शियल्स (कुकी सोबत ने), आणि परवानगीच्या हेडरात * (म्हणजे कुणीही) न लिहिता नेमका ओरिजिन. मेहनत सगळ्यात कमी, म्हणून मोह होतो. पण वर सांगितलेली सफारीची आडकाठी यातून जराही हटत नाही. ग्राहक आयफोन वापरत असतील तर हा पर्याय बादच धरा. फक्त ऑफिसच्या आतल्या वापराचं टूल असेल आणि सगळ्यांच्या मशीनवर क्रोमच असेल, तर चालेल.

दुसरा मार्ग टोकनचा. लॉगिननंतर सर्व्हर टोकन, म्हणजे ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, देतो आणि फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) ते प्रत्येक रिक्वेस्टला ऑथरायझेशन हेडरमध्ये जोडतो. कुकीच नाही, त्यामुळे सगळे ब्राउझर सारखे वागतात, आणि हाच एपीआय मोबाइल ॲपलाही चालतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. या हेडरमुळे आधी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट, म्हणजे परवानगी विचारणारी आगाऊ रिक्वेस्ट, जाते. परवानगीच्या यादीत ‘ऑथरायझेशन’ नावानिशी लिहावं लागतं, कारण स्टँडर्डप्रमाणे ते * मध्ये धरलं जात नाही. प्रीफ्लाइटचं उत्तर साठवायला सांगता येतं, पण क्रोम ते जास्तीत जास्त 2 तास ठेवतो, फायरफॉक्स 24 तास. इमेज टॅगला किंवा साध्या डाउनलोड लिंकला हेडर जोडता येत नाही, त्यासाठी वेगळी सोय करा. मला सगळ्यात खटकते ती साठवण. लोकलस्टोरेजमधलं (ब्राउझरमधल्या साइटच्या साठवणीतलं) टोकन पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते. शिवाय सफारीच्या वापराचे 7 दिवस त्या साइटला हात न लावता गेले, तर सफारी ते पुसून टाकते. महिन्यातून एकदा येणाऱ्या ग्राहकाला दर वेळी लॉगिन करावं लागेल.

तिसरा मार्ग एपीआय आपल्याच डोमेनखाली आणण्याचा, आणि माझं मत याच बाजूला आहे. याचे दोन प्रकार. एक, उपडोमेन: साइट एक्झाम्पल.कॉमवर, एपीआय एपीआय.एक्झाम्पल.कॉमवर. कुकी आता थर्ड-पार्टी राहत नाही, कॉर्स मात्र राहतो. यातही सफारीची एक अट आहे. 16.4 पासून, म्हणजे 2023 पासून, उपडोमेनच्या आयपीव्ही4 पत्त्याचा पहिला अर्धा भाग मुख्य साइटच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर त्या सर्व्हरने दिलेली कुकी जास्तीत जास्त 7 दिवस टिकते. व्हर्सेल.ॲप किंवा गिटहब.आयओ यांच्यावरची फुकट नावं इथे उपयोगाची नाहीत. त्यांवरची दोन नावं ब्राउझर दोन वेगळ्या साइट मानतात. स्वतःचं डोमेन घ्यावंच लागेल.

दुसरा प्रकार रिव्हर्स प्रॉक्सी: ‘/एपीआय’पासून सुरू होणारा प्रत्येक पत्ता साइटचाच सर्व्हर मागे बॅकएंडकडे पाठवतो. ब्राउझरला एकच ओरिजिन दिसतो. कॉर्स नाही, प्रीफ्लाइट नाही, आणि कुकी एचटीटीपीओन्ली ठेवता येते, म्हणजे स्क्रिप्टच्या हाती लागत नाही. सीएसआरएफची (दुसऱ्या साइटने ग्राहकाच्या कुकीच्या जोरावर रिक्वेस्ट करवण्याची) काळजी मात्र घ्यावी लागते; ‘सेमसाइट=लॅक्स’ बराच भार उचलते. प्रॉक्सीसाठी एनजिनएक्स हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरत असाल तर तीन गोष्टी आधीच बघा. रिक्वेस्टच्या आकाराची मूळ मर्यादा 1 एमबी असते, त्यापुढची फाइल 413 (फार मोठी) देऊन परत येते. उत्तराची वाट 60 सेकंदच पाहिली जाते, त्यामुळे जड रिपोर्ट मध्येच तुटतात. आणि बॅकएंड कुकीवर स्वतःचं डोमेन लिहीत असेल तर ब्राउझर ती नाकारतो; ते डोमेन प्रॉक्सीत बदलून घ्या किंवा लिहिणंच बंद करा.

फक्त वेबसाइट असेल तर प्रॉक्सी घ्या. वेब आणि मोबाइल ॲप दोन्ही असतील तर वेबला प्रॉक्सी आणि कुकी, ॲपला टोकन. बॅकएंडला दोन्ही तपासायला शिकवणं फारसं कठीण नाही. तुमचं विजेट दुसऱ्यांच्या साइटवर बसणार असेल तर प्रॉक्सी तुमच्या हातात नसते, तिथे कमी मुदतीचं टोकनच.

कुकीची ओळ रिक्वेस्टमध्ये दिसत असेल, तर यातलं काहीच करू नका. मग जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन बंद करून पाहा. ओळ दिसत नसेल आणि लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनवर) काम चालू असेल, तर आधी तिथेही एचटीटीपीएस लावा. क्रोम लोकलहोस्टला सुरक्षित मानून सूट देतो, सफारी देत नाही.